चिखलात नवरा, डब्यात चिंबोरी

आम्ही ज्या गावाला गेलो त्याचं नाव मी सांगणार नाही. पालघरच्या बाजूला आहे, सुरूची झाडं आहेत, एवढं पुरे. नाव सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे चार डीजे आणि चाळीस गाड्या पोचतील, आणि त्यातली निम्मी माणसं आमच्या काल्हेरचीच असतील.

काल्हेर म्हणजे ठाण्याहून भिवंडीला येताना लागणारा गोदामांचा पट्टा. आम्ही तिथेच राहतो. माझी मुलगी स्वरा सात वर्षांची, मुलगा ओजस चारचा, आणि दोघांनी आजवर सगळ्यात जवळून पाहिलेला प्राणी म्हणजे दहा चाकी ट्रक. स्वराच्या शाळेत ‘सी-शोअर लाइफ’ नावाचा धडा आला आणि बाईंनी समुद्रावर जाऊन, प्रत्यक्ष पाहून चित्रं काढायला सांगितलं. आमच्या घरामागे चारशे पावलांवर खाडी आहे. पण तिथे पाहण्यासारखं काही असेल असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या नवऱ्याने, निलेशने, मोबाईलवर शोधून ऐंशी किलोमीटरवरचं ‘बीच स्टे विथ नेचर वॉक’ बुक केलं.

माझं माहेर शहापूरकडचं, भातशेतीतलं. लग्नापर्यंत मी समुद्र कॅलेंडरवरच पाहिला होता आणि मला तो तिथेच बरा वाटायचा. दापोड्याच्या गोदामात मी डिस्पॅच सांभाळते. शंभर ट्रक अंगावर आले तरी घाबरत नाही, पण घोट्यापर्यंत पाणी आलं की देव आठवतो.

आम्ही चौघंच जाणार होतो. पण त्याच शनिवारी सासूबाईंच्या भाचीची हळद निघाली, आणि आमच्याकडची हळद म्हणजे नवरीपेक्षा स्पीकर मोठे. सासूबाई नटूनथटून गेल्या. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, ‘कान दुखतात’ असं जाहीर केलं आणि सकाळी कुणाला न विचारता गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

आबा अडुसष्टचे. तरुणपणी याच खाडीतल्या मासळीवर त्यांचं घर चालायचं. मग शेतात गोदामं उभी राहिली आणि ते शेठ झाले. तेव्हापासून पांढरा कडक शर्ट, पांढरी पॅन्ट आणि गळ्यात बोटाएवढी जाड साखळी हा त्यांचा रोजचा पोशाख. खाडीकडे ते पंधरा वर्षांत फिरकले नव्हते.

शनिवार, वज्रेश्वरीमार्गे

मोबाईल घोडबंदरने जा म्हणत होता, आबा वज्रेश्वरीने. आम्ही वज्रेश्वरीने गेलो, कारण मोबाईल रुसत नाही. देवीचं दर्शन झालं. ओजसने गरम पाण्याच्या कुंडात बोट घातलं आणि विचारलं, “मम्मी, समुद्र इतका गरम का आहे?” त्याच्या मते सहल तिथेच पूर्ण झाली होती.

पुन्हा गाडीत बसल्यावर आबांनी विषय काढला. त्यांच्या बोलण्यात ‘ड’चा ‘र’ होतो. गाडी ती गारी, खाडी ती खारी.

“गारी हलू चालव. आज पुनव हाय. बारा वाजता दर्या दारात असंल. सांच्याला पोचलो तरी चाललं.”

“आबा, चेक-इन बाराचं आहे,” निलेश म्हणाला.

“तुजा चेक-इन दर्याला ठाव हाय का?”

निलेशने गाडी हळू चालवली नाही. आम्ही बाराला पाच मिनिटं असताना पोचलो. समुद्र गेस्ट हाऊसच्या भिंतीला धडका देत होता आणि वाळू नावाची वस्तू कुठेच नव्हती. निलेशने मालकीणबाईंना विचारलं, “बीच कुठाय?”

“पाण्याखाली आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “चार-साडेचारला दिसायला लागेल.”

 न बोलता ‘मी सांगितलं होतं’ म्हणण्यात आबांचा हात कुणी धरणार नाही. मग समुद्रापासून वीस फुटांवर, बंद खोलीत, माझ्या मुलांनी टीव्हीवर समुद्रतळाचं कार्टून पाहिलं. दोन तास.

संध्याकाळची सुकती

ओहोटीला आबा सुकती म्हणतात. साडेपाचला आम्ही बाहेर आलो तर समुद्र चक्क निघून गेला होता. जिथे दुपारी लाटा फुटत होत्या तिथून पुढे ओली वाळू, त्यापुढे काळे खडक आणि त्याच्याही पुढे, मला हवा तेवढा लांब, समुद्र.

वाळूवर कुणीतरी बारीक मण्यांची रांगोळी काढली होती. ओजस त्यावर पाय देणार तेवढ्यात रांगोळीच्या मधल्या भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला, आम्हाला बघून परत आत गेला. ओजस हादरला. “मम्मी, वाळूला उंदीर झालेत!”

आबांनी चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण मी त्यांच्या पोटऱ्या पहिल्यांदा पाहिल्या. गाडीतून उतरताना कण्हणारा माणूस त्या बुळबुळीत खडकांवरून अंगणात चालावं तसा चालू लागला आणि स्वरा वही-पेन्सिल घेऊन त्यांच्यामागे धावली. मी आणि निलेश कोरड्या वाळूवर, शहाण्यासारखे.

एका डबक्यात शंख चालत होता. स्वराने किंचाळून मला बोलावलं. मी लांबूनच पाहिलं. शंखातून खेकड्याचे लाल पाय बाहेर आले होते.

“शंख याचा न्हाय,” आबा म्हणाले. “ज्याचा व्हता तो मेला. यो भारूत आलाय. वाढला की खोली सोडंल, दुसरी धरंल.”

“भाडं कुणाला देतो?” स्वराने विचारलं. आबा स्वतः चाळीतल्या अठ्ठावीस खोल्यांचे मालक. “फुकट ऱ्हातो,” ते जरा नाराजीनेच म्हणाले.

त्या तासाभरात आबांनी तिला किती गोष्टी दाखवल्या! खडकाला फुलासारखं चिकटलेलं काहीतरी, ज्याला बोट लावलं की ते मिटतं. वाळूतल्या दोन बारीक भोकांखाली बसलेली तिसरी, म्हणजे खायची शिंपली. खाडीच्या तोंडाशी चिखलावर उड्या मारणारा निवटा, पाण्याबाहेर राहणारा मासा. खडकाच्या फटीत दडलेली चिंबोरी, म्हणजे मोठा खेकडा. फक्त एक अडचण होती. आबांना प्रत्येक जीव कालवणासकट ठाऊक होता. “ही तिसरी, खोबऱ्यात करायची. यो निवटा, याला चिंच जास्त लागते. ही चिंबोरी, हिच्या नांग्या ठेचून वाटणात टाकायच्या.” स्वरा सगळं लिहून घेत होती. रात्री वही पाहिली तर ‘सी-शोअर लाइफ’च्या खाली एक मेनूकार्ड तयार झालं होतं.

रविवार सकाळ: मार्गदर्शन

साडेसहाला, उजाडता उजाडता, गार्गी मॅडम आल्या. मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि रविवारी असे ‘वॉक’ घेतात. वय पस्तिशीचं, गळ्यात शिट्टी, हातात चित्रांचे प्लास्टिकबंद तक्ते. त्यांनी आधी नियम सांगितले: दगड उलटला तर परत तसाच ठेवायचा, ओरडायचं नाही, आणि इथून आठवणींशिवाय काहीही न्यायचं नाही.

स्वराने जोरात मान हलवली. आबांच्या हातात कडीचा स्टीलचा डबा होता. त्यात सासूबाईंनी रव्याचे लाडू दिले होते. ते त्यांनी खोलीत वर्तमानपत्रावर ओतून ठेवले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मॅडम खरंच छान सांगत होत्या. खडकाला चिकटलेल्या त्या फुलाला तोंड असतं, पोट असतं, ते फूल नसून प्राणी आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मीसुद्धा भीती विसरून खाली वाकले. तेवढ्यात मागून ठक्क असा आवाज आला. आबांनी खडकावरचं एक कालव दगडाने फोडलं होतं आणि आतला गर बोटाने काढून ते तोंडात टाकत होते.

“काका!” मॅडम म्हणाल्या. “इथून काही न्यायचं नाहीये.”

“नेत न्हाय, बाय,” आबा म्हणाले. “खातो.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

पण स्वराने डबा पाहिला. झाकण उघडलं. आत चार बोटं पाणी, मूठभर तिसऱ्या आणि दोन चिंबोऱ्या, एकमेकींवर चढायच्या प्रयत्नात.

“आबा, या जिवंत आहेत!”

“जित्त्या हायेत म्हनून तं घेतल्या. मेलेली चिंबोरी कोन खातं?”

ते अगदी सरळपणे म्हणाले. त्यांच्या दृष्टीने त्यांनी नातीला आणखी एक उपयोगी माहिती दिली होती. स्वराचे डोळे भरले. “तुम्ही घाणेरडे आहात,” ती म्हणाली, आणि जाऊन मॅडमचा हात धरून उभी राहिली.

मी तिला रागावले.  आबांनी झाकण लावलं, डबा खडकाच्या खोबणीत ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून बसले. काल संध्याकाळभर ज्यांच्यामागे ती पळत होती, त्यांच्यापासून ती आता दहा हातांवर होती आणि वळूनही बघत नव्हती. पंधरा वर्षांनी पाण्यात पाय घातलेल्या माणसाला त्याच पाण्यात असं ऐकावं लागलं. मला दोघांचंही वाईट वाटत होतं. कुणाची बाजू घ्यावी ते कळेना, म्हणून मी ओजसच्या नाकाला रुमाल लावला.

चिखल

या सगळ्यात निलेश कुठे होता? तो व्हिडिओ करत होता. त्याला निवट्याची उडी हवी होती, म्हणून तो खडक ओलांडून खाडीच्या तोंडाकडे गेला. तिथे एका खांबावर लाकडी पाटी होती: ‘पुढे खोल चिखल आहे. जाऊ नये.’ त्याने आधी पाटीचा व्हिडिओ घेतला आणि मग पुढे गेला.

हाक आली तेव्हा मला वाटलं काहीतरी सापडलं असेल. आम्ही गेलो. तो पाटीपासून दहा-बारा फुटांवर गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होता आणि हसत होता. एक पाय उपटायला गेला तर दुसरा मांडीपर्यंत गेला. मग हसायचा थांबला. मोबाईल धरलेला हात मात्र वर होता.

त्याच्या पलीकडे, चिखलातल्या चरांमधून, पाणी परत यायला लागलं होतं.

मॅडमनी शिट्टी वाजवली. ऐकायला किनाऱ्यावर कुणी नव्हतं. त्यांनी मालकीणबाईंना फोन लावला. माणसं येतील, पण गावातून यायला अर्धा तास. मी स्वराला ओरडून सांगितलं, “ओजसला घेऊन मघाच्या त्या खडकावर बस. हलायचं नाही!” आणि चिखलाकडे निघाले.

आबांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. नऊ वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. “तू गेलीस तं दोगांना काढावं लागंल.” मग निलेशला ओरडून, “ए! हालू नको! मागं बस! खुर्चीत बसतोस तसा मागं बस!”

त्यांनी त्या पाटीला दोन हिसके दिले. खिळे गंजलेले होते. फळी हातात आली. ती चिखलावर टाकून आबा, पांढऱ्या शर्टासकट, तिच्यावर पालथे पडले आणि दोन्ही हातांनी चिखल ढकलत, सरपटत निघाले. त्या पाटीने आजवर कुणाला अडवलं असेल असं वाटत नाही, पण त्या सकाळी ती कामाला आली.

ते निलेशपर्यंत पोचले. त्याच्या मांडीभोवतीचा चिखल हातांनी उकरायला लागले. मी माझी आणि मॅडमची ओढणी गाठ मारून, पिळून दोरी केली आणि टोक फेकलं. आबांनी ते निलेशच्या काखेतून गुंडाळलं, पण ओढू दिलं नाही.

“ओढायचं न्हाय. पानी येऊ दे.”

“पाणी येऊ दे?” मी म्हणाले.

“चिखल कोरडा घट्ट धरतो. पानी पायाशी गेलं की सोडंल.”

आणि ते थांबले. बाप-लेक चिखलात आडवे, आणि पाणी त्यांच्याकडे येतंय. आधी ते फळीला लागलं. मग निलेशच्या कमरेला. सासऱ्यांसमोर मी नवऱ्याला नेहमी ‘अहो’ म्हणते. त्या वेळी मी किनाऱ्यावरून ओरडले, “आबा, ओढा त्याला! निल्या, ये ना रे बाहेर! तुझ्या मोबाईलला आग लागो!” पुढे काय काय बोलले ते मॅडमना आठवत असेल. त्यांनी सभ्यपणे कधी विषय काढला नाही.

आबांचा आवाज मात्र हळू होता. लहान मुलाला झोपवताना असतो तसा. “अंगठा वाकव. आता टाच हालव. पाय उपटू नको. वाकव… हालव… भ्यायचं न्हाय. तू पाच वर्षांचा व्हतास तवा असाच काढला व्हता तुला, तुज्या आईला अजून सांगितलेलं न्हाय.”

पाणी निलेशच्या छातीला लागलं तेव्हा पहिला पाय सुटला. बुटाशिवाय. मग दुसरा. मग आबा म्हणाले, “आता ओढा,” आणि मी आणि गार्गी मॅडमनी ती दोरी अशी खेचली की दोघं फळीसकट माशासारखे वाळूवर आले. मी निलेशला आधी मिठी मारली आणि नंतर एक ठेवून दिली. आबांनी नजर दुसरीकडे वळवली.

खडकावर मुलं होती तिथेच बसली होती. स्वराने सांगितल्याप्रमाणे ओजसला धरून ठेवलं होतं. मला तिचं फार कौतुक वाटलं.

मोबाईल सुरूच होता. त्यात एकवीस मिनिटं आकाश आहे, आणि आवाज माझा.

जेवण

आंघोळी झाल्या. दुपारी जेवायला बसलो. मालकीणबाई म्हणाल्या, डबा द्या, तुमच्या चिंबोऱ्या करून देते. आमच्या काल्हेरला लाल वाटणात करतात, इथे हिरव्या. आबांना ती चव बघायची होती. गार्गी मॅडमही जेवायला थांबल्या होत्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि आपलं पान पुढे ओढून घेतलं. नवरा वाचवणाऱ्या माणसाला दोन खेकडे माफ असावेत, असं त्यांनी ठरवलं असणार.

आबांनी झाकण उघडलं. आत पाणी होतं, तळाशी थोडी वाळू, आणि दुसरं काही नाही.

कुणी काही विचारायच्या आत ओजस म्हणाला, “बाय-बाय केलं.”

स्वरा डावा हात टेबलाखाली धरून बसली होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. तिने बऱ्याच वेळाने आपला हात वर काढला. अंगठ्याच्या मुळाशी दोन बाजूंनी निळंलाल झालं होतं, एका ठिकाणी कातडी फाटली होती. आम्ही सगळे तिच्या बापाला ओढत होतो, तेव्हा ही मुलगी एका हाताने भाऊ धरून दुसऱ्या हाताने खोबणीतल्या डब्यातून चिंबोऱ्या सोडत होती. चावा घेतला तेव्हा ओरडली असेल तर माझ्या ओरडण्यात ते ऐकू आलं नाही.

मी उठणार होते. आबांनी मानेने मला बस म्हणून सांगितलं.

“मोठीनं धरलं?”

तिने मान हलवली.

“कशी सोडवलीस?”

“पाण्यात हात घातला. मग तिनंच सोडलं.”

आबांनी स्वतःचा उजवा अंगठा तिच्या हाताशेजारी ठेवला. त्याच जागी पांढरा, जुना वण होता. मी तो रोज पाहते. ट्रॅक्टरचा असेल असं समजत होते.

“सोडल्या कुठं? उघड्यावर का दगडाखाली?”

“दगडाखाली. आणि दगड परत तसाच ठेवला.”

“मंग बरं केलंस. उघड्यावर असत्या तं बगळ्यानं उचलल्या असत्या.”

एवढंच. मालकीणबाईंनी मग पापलेट तळून दिलं. स्वराने दोन तुकड्या खाल्ल्या. “हे मेलेलंच होतं ना आधी?” असं विचारून खात्री करून घेतली आणि तिसरी मागितली.

परतताना

परतीला आबा मागे, मुलांमध्ये बसले. निलेश अनवाणी गाडी चालवत होता आणि त्याच्या नखांतला चिखल साबणाने गेला नव्हता. मी पुढे, मागचं बोलणं ऐकत.

“आबा, तुम्ही आतापर्यंत किती चिंबोऱ्या खाल्ल्या?”

“मोजल्या न्हाय, बाय. लय.”

“त्यांना सॉरी म्हणालात?”

आबा हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत.  वज्रेश्वरीची कमान मागे गेली.

“आता कोनाला म्हनू?” ते म्हणाले. “आपल्या खारीत कोन ऱ्हायलंच न्हाय.”

स्वराने यावर विचार केला असावा. मी आरशात पाहिलं तर ती वही उघडून बसली होती. मेनूकार्डाची पानं तिने खोडली नव्हती. नवीन पान काढून तिने आबांच्या हातात पेन्सिल दिली.

“मग कोण कोण होतं ते तरी सांगा. नाहीतर असं करा, तुम्हीच लिहा. मला स्पेलिंग येत नाही.”

आबा चौथीपर्यंत शिकलेले. मान वाकवून, गचके सांभाळत, एकेक अक्षर गिरवत त्यांनी लिहायला सुरुवात केली. भिवंडी आली तरी ते लिहीतच होते.